शोधसंख्या दाखवणाऱ्या साधनांपैकी कोणते घ्यावे?

कोरा_कागद:
सायकल-दुरुस्तीवरील संकेतस्थळासाठी विषय निवडताना मी एकच शब्दसमूह तीन साधनांत तपासला. एकाचा मासिक शोधांचा आकडा दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट निघाला आणि तिसऱ्याने तर शून्य दाखवले. ही साधने शोधांची मोजणी कशी करतात आणि पैसे भरायचेच झाले तर कोणते साधन घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ताळेबंद:
शोधाची मूळ नोंद शोधयंत्राच्या सर्व्हरवर होते आणि ती जशीच्या तशी बाहेर कोणालाही मिळत नाही. गूगलचा ‘कीवर्ड प्लॅनर’ त्या नोंदीच्या सर्वांत जवळचा. परंतु तो जाहिरातदारांसाठी बनवलेला असल्यामुळे त्यात सहसा मागील १२ महिन्यांची सरासरी दिसते, एकवचन, अनेकवचन, चुकलेले स्पेलिंग अशी जवळची रूपे एकाच आकड्यात धरली जातात आणि तो आकडाही ठरलेल्या पायऱ्यांवर बसवला जातो. म्हणूनच १,३००, १,६००, १,९००, २,४०० हेच आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. जाहिरातींवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला तर २०१६पासून ‘१०० ते १ हजार’ असा ऐसपैस पट्टाच दिसतो. एकवचनी आणि अनेकवचनी रूपांपुढचा सारखाच आकडा मी कित्येक दिवस बेरजेत दोनदा धरत होतो. ती चूक आपण करू नये.

सशुल्क साधने बहुधा प्लॅनरच्या आकड्यांना क्लिकस्ट्रीमची जोड देतात, म्हणजे ब्राउझरच्या एक्स्टेन्शनसारख्या मार्गांनी काही वापरकर्त्यांच्या वावराची माहिती मिळवून तिच्यावरून अंदाज बांधतात. नमुना लहान असला की क्वचित शोधले जाणारे शब्द त्यात सापडतच नाहीत, आणि आपले शून्य बहुधा तिथूनच आले असावे. हा पुरवठाही कायमचा नसतो: वापरकर्त्यांच्या खासगीपणावरून टीका झाल्यानंतर अँटीव्हायरस बनवणाऱ्या अवास्ट कंपनीने आपली जंपशॉट ही उपकंपनी जानेवारी २०२०मध्ये बंद केली, तेव्हा अशा माहितीचा एक मोठा स्रोत आटला.

मोजपट्टी:
जोडीला गूगल ट्रेंड्स, म्हणजे एखाद्या शोधाची लोकप्रियता काळानुसार कशी चढते-उतरते ते दाखवणारे साधन, ठेवावे. त्यातील १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत; निवडलेल्या काळातील सर्वोच्च बिंदूला १०० मानून बाकीचे त्या प्रमाणात मांडलेले असतात. वर्षातून दोनच महिने शोधला जाणारा विषय सरासरीत दबून जातो, तो येथे लगेच ओळखू येतो.

कोरा_कागद:
माझे संकेतस्थळ सुरू होऊन वर्ष झाले आहे. तर मग पैसे भरूच नयेत का?

ताळेबंद:
इतक्यात तरी भरू नयेत. आधी सर्च कन्सोल, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठीचे गूगलचे मोफत साधन, उघडावे. आपले पान निकालांत कितीदा दिसले याची १६ महिन्यांपर्यंतची नोंद तेथे मिळते. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळलेले असल्याने यादीची बेरीज एकूण आकड्याशी जुळणार नाही, त्याची चिंता करू नये. ज्या शब्दांसाठी आपले पान सातत्याने पहिल्या पानावर असते, त्यांची ‘इम्प्रेशन्स’ (निकालांत दिसण्याची संख्या) प्रत्यक्ष शोधसंख्येच्या बरीच जवळ जातात. असे दहाएक शब्द घेऊन तिन्ही साधनांत तपासावेत आणि ज्या साधनाचा चढता-उतरता क्रम आपल्या नोंदीशी सर्वाधिक जुळेल, त्याचेच एका महिन्याचे शुल्क भरून पाहावे. आकडे मात्र एका साधनाचे दुसऱ्याशी ताडू नयेत.