मदत हवी आहे: सार्लाचा आठवडी बाजार, शाकाहारी सासूबाई आणि इतिहासवेडे सासरे

मंडळी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं फ्रान्सला जातोय. मी, नवरा, सासू-सासरे. पॅरिसचं सगळं ठरलंय, त्याबद्दल विचारत नाही. गाडी अडलीये ती पुढच्या चार दिवसांवर.

सासरे निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांनी नैऋत्य फ्रान्समधलं दोर्दोन्य भागातलं सार्ला हे गाव काढलंय, कारण १५३० साली तिथे एत्येन द ला बोएती जन्मला. हा सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन्य याचा जिवलग मित्र, बत्तिसाव्या वर्षीच गेला. एक राजा लाखो लोकांवर राज्य करतो ते लोक करू देतात म्हणूनच ना, असा प्रश्न त्याने अगदी तरुणपणी लिहून ठेवला. 'त्याच्या घरासमोर पाच मिनिटं उभं राहू द्या, मग तुम्ही कुठे न्याल तिथे येतो,' असं बाबांचं म्हणणं.

नवऱ्याला तिथला बाजार करायचाय आणि बदक खायचंय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडं फक्त केकमध्ये चालतं, तेही दिसलं नाही तर. आणि सार्लाबद्दल काहीही वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीत बदक, तिसऱ्या ओळीत राजहंस!

तर प्रश्न असे. बाजार बुधवारचा चांगला की शनिवारचा? गाडी चालवायची नाहीये (नवरा उजव्या बाजूने चालवायला तयार आहे, मी बसायला तयार नाही), तर ट्रेनने जमेल का? आईंचे गुडघे दुखतात, गावात चढ किती? आणि त्यांनी खायचं काय? पोळ्यांचे डबे घेऊन फिरायची माझी इच्छा नाही, हे आधीच सांगते.

प्रतिसाद १

तीन वर्षं तुलूझला होतो, सार्लाला चार-पाच वेळा गेलोय. शनिवारच गाठा. बुधवारी सकाळीही बाजार भरतो, पण लहान. शनिवारी अख्खी जुनी पेठ बाजार होते. खाण्याचे ठेले दुपारी एकच्या सुमारास आवरतात, कपडे-टोपल्या-भांडी संध्याकाळपर्यंत असतात. नऊच्या आत पोचा. अकरानंतर तुळशीबागेत दिवाळीच्या आदल्या दिवशी होते तशी गत होते.

तुमची वेळ उत्तम आहे. सप्टेंबरअखेरीस नवे अक्रोड येतात. आपण खातो ते वाळवलेले, हे ओले असतात. फोडलं की आतली पिवळसर साल भिजवलेल्या बदामासारखी नखाने सुटते, आणि गर दुधाळ, कुरकुरीत लागतो. बोटं मात्र काळी होतात आणि दोन दिवस तशीच राहतात. सेप नावाची रानातली जाडजूड अळंबीही याच दिवसांत ढिगाने येते.

आईंसाठी खरा धोका बदकाच्या तुकड्यांचा नाही, ते दिसतात तरी. धोका चरबीचा. सार्लाच्या नावाने प्रसिद्ध असलेले बटाटे, लसूण-पार्स्ली घातलेले, बघून आपल्याला बटाट्याच्या काचऱ्याच वाटतात. ते बदकाच्या चरबीत परततात. तिथलं लसणाचं सूपही बहुतेकदा चरबीतच. साधं सॅलड मागवलं तर वर बदकाच्या पोटातले तुकडे पसरून येतात. 'सां ग्रेस द कानार', म्हणजे बदकाच्या चरबीशिवाय, एवढं पाठ करून जा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून तिथे भागत नाही. आणि जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद, कितीही गोड हसा.

त्यापेक्षा बाजारातूनच घ्या: अक्रोडाचा पाव, अंजीर, द्राक्षं, टोमॅटो, आणि काबेकू, म्हणजे मोठ्या पेढ्याएवढी शेळीच्या दुधाच्या चीजची चकती. बाकावर बसून खायचं.

बाबांसाठी: ला बोएतीचं घर कॅथेड्रलसमोरच्या चौकातच आहे, खिडक्यांभोवतीचं कोरीवकाम बघायला सांगा. पाच मिनिटांत हलणार नाहीत ते. तिथून जवळच सेंत मारी हे जुनं चर्च आहे, क्रांतीनंतर चर्च म्हणून बंद पडलं. आता त्यात भाजी-चीजचा बंदिस्त बाजार भरतो. त्याचे अवाढव्य पोलादी दरवाजे झाँ नूव्हेल या प्रसिद्ध वास्तुविशारदाने केलेत, त्याचं बालपण याच गावात गेलं. मनोऱ्यात काचेची लिफ्ट आहे, गुडघ्यांना त्रास न होता वरून दगडी छपरं दिसतात. गाव इतकं जुनं राहिलं ते गरिबीमुळे, हेही बाबांना सांगा. मोठे रस्ते बाजूने गेले, पाडून नवं बांधायला पैसे कुणाकडे नव्हते. १९६२ साली जुन्या वस्त्या जपण्याचा माल्रो कायदा आला, तेव्हा पहिल्या गावांत सार्लाचा नंबर लागला.

प्रतिसाद २

ट्रेनने नक्की जमतं. पॅरिस-बोर्दो दोन तासांच्या थोडं वर, तिथून सार्लाची लोकल गाडी अडीच-तीन तास. वाटेत सेंतेमिल्योंचे द्राक्षमळे लागतात. सार्ला स्टेशन गावाच्या दक्षिणेला थोडं लांब आहे. बॅगा आणि आईंचे गुडघे असताना चालू नका, टॅक्सी आधी सांगून ठेवा, स्टेशनबाहेर रांगेत उभी नसते. गावात मुख्य रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत चढ आणि गोटे.

लास्कोला, म्हणजे आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेला, जायचं असेल तर तिचं गाव मोंतिन्याक सार्लाहून २५ किलोमीटरच्या आसपास. मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, लोकांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून. २०१६ ला उघडलेली प्रतिकृती बघायची, तिकीट आधी काढून. बाबा 'नक्कल आहे' म्हणून नाक मुरडतील, आत गेल्यावर गप्प होतील.

धागाकर्ती

खूप खूप आभार! शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, शनिवारी बाजार, रविवारी टॅक्सीने लास्को, असं ठरवतेय. नवरा विचारतोय, फ्वा ग्राचे (बदकाच्या फुगवलेल्या यकृताचे) डबे आणता येतील का?

प्रतिसाद १

त्याला सांगा, तिथेच खाऊन घे. भारताने २०१४ मध्ये फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली आहे, कस्टमपुढे वाद नको. अक्रोडाचं तेल आणा, छोटी बाटली, चेक-इन बॅगेत. तळायला नव्हे, कोशिंबिरीवर वरून घालायला.

प्रतिसाद ३

एक कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. काबेकूसारख्या पारंपरिक फ्रेंच चीजसाठी दूध विरजताना बहुधा रेनेट वापरतात, म्हणजे दूधपित्या वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं द्रव्य. सासूबाई किती कडक आहेत त्यावर बघा. आमच्या आईने कळल्यावर चीज सोडलं आणि आम्हालाच ऐकवलं, आधी का नाही सांगितलंत म्हणून.

धागाकर्ती

अरे देवा. न सांगायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण सांगितलं आत्ता. आई दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'अक्रोडाला काही करत नाहीत ना?' नाही म्हटलं. 'मग अंजीर, अक्रोड आणि पाव. आणि मेतकूट घे बरोबर.'

पोळ्या नाहीत, पण मेतकुटाची पुडी बॅगेत गेली. बदकाच्या चरबीचं ते वाक्य मी फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. आता फक्त एक सांगा, शनिवारी सकाळी साडेआठला गावात चहा मिळेल अशी जागा? बाबा चहाशिवाय ला बोएतीकडे बघणारसुद्धा नाहीत.