व्हॉयेजर आता बंद करावं की शेवटच्या वॉटपर्यंत चालवावं?

मांडवीकाठ: मला वाटतं नासाने व्हॉयेजरना आता मानाने निरोप द्यावा. १९७७ ला उडालेली ही दोन यानं, गुरू-शनी बघायला पाठवली होती, ते काम कधीच झालं. वीज दरवर्षी साधारण ४ वॉटने घटते म्हणून एकेक उपकरण बंद करत चाललेत, २०२५ मध्ये दोघांवरचं एकेक गेलं. आणि त्यांचे सिग्नल पकडायच्या ७० मीटरच्या डिश अँटेना नासाकडे तीनच, गोल्डस्टोन, माद्रिद, कॅनबेरा, त्यांचा वेळ नव्या मोहिमांना पण हवाच ना. भावनेपोटी किती ओढायचं?

निशा फोंडा: भावनेपोटी कसलं हो? व्हॉयेजर-१ हे ऑगस्ट २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर-२ हे नोव्हेंबर २०१८ मध्ये सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या, हद्दीबाहेर गेलं, तिथे माणसाचं तिसरं चालू यंत्र नाही. बाहेरचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) किती दाट, चुंबकीय क्षेत्र कसं, हे तिथे जाऊनच मोजावं लागतं. नासाचं न्यू होरायझन्स यान मागून जातंय पण ते अजून हद्दीच्या आत, आणि त्याच्यावर चुंबकीय क्षेत्र मोजायचा मॅग्नेटोमीटरच नाहीये.

इंजिनरूम मुरगाव: मी जहाजावर इंजिनवाला. नोव्हेंबर २०२३ ला व्हॉयेजर १ अर्थ लागणार नाही असा डेटा पाठवायला लागलं, मेमरीची एक चिप गेलेली. बदलायला कोण जाणार? मग त्या चिपवरचा कोड तुकडे करून उरलेल्या मेमरीत जागा मिळेल तिथे बसवला, आणि कमांड पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला परत तेवढेच, म्हणजे आज पाठवलं तर चाललं की नाही ते परवा कळणार. एप्रिल २०२४ ला यानाची तब्येत परत वाचता आली, जूनपर्यंत चारही उपकरणं चालू. भर समुद्रात स्पेअर नसला की काय होतं ते मला माहीत आहे, पण आमच्या हाताला निदान मशीन तरी लागतं. इतक्या लांबून दुरुस्ती करणारी माणसं चालू यंत्रावरच तयार होतात.

डिचोलीकर: मी मांडवीकाठ यांच्या बाजूने. मंगळयान ६ महिन्यांसाठी पाठवलं, २०१४ ते २०२२ चाललं, अभिमान आहेच, पण ते संपलं तेव्हा मंगळावर आपलं पुढचं यान होतं कुठे? जुनं चालतंय म्हटलं की नव्याची घाई कुणालाच नसते.

निशा फोंडा: डिचोलीकरबाब, मुद्दा खरा आहे, पण जुनं बंद केलं म्हणून नवं निघतं असं थोडंच? व्हॉयेजर १ ला हद्द ओलांडायला ३५ वर्षं लागली. सूर्याचं चक्र ११ वर्षांचं, त्याच्याबरोबर ती हद्दपण मागेपुढे सरकते, मध्येच मोजणं सोडलं तर तो काळ परत कसा मिळणार?

मांडवीकाठ: मग उपकरण एकच उरलं तरी चालवायचं का? डिशचा वेळ तर तेवढाच जाणार.

इंजिनरूम मुरगाव: हो, एकावर पण. वेळ वाचवायचा तर डिश वाढवा.

डिचोलीकर: डिश वाढवा, आणि पुढचं यान कधी निघणार ते पण आत्ताच ठरवा, नाहीतर ३५ वर्षांनी हाच वाद आपली नातवंडं घालतील.