पोलीस ठाण्यातून भावाला ‘येऊन जा’ असा फोन आलाय. पाठवावं का?

बांधावरचा

नमस्कार. प्रश्न घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा धाकटा भाऊ, वय २६, गावी शेती बघतो. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांशी बांधावरून वाजलं. आधी बाचाबाची, मग ढकलाढकली. त्या झटापटीत शेजाऱ्याच्या मुलाच्या हाताला खोऱ्याचं पातं लागलं, चार टाके पडले. आमच्या वडिलांनाही (वय ६७) पाठीत मार बसला. शेजाऱ्यांची फिर्याद घेऊन गुन्हा दाखल झाला, आमची मात्र नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली.

काल ठाण्यातून भावाला फोन आला, “उद्या येऊन जा, जबाब घ्यायचाय. वडिलांनाही आण.” रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एका नोटिशीचा फोटो आला, पण तो इतका पुसट की कलम वाचता येत नाही. “नाही आलास तर गाडी पाठवतो,” असंही म्हणाले.

गावात दोन मतं आहेत. एक म्हणतात, जा आणि सही करून मोकळा हो. दुसरे म्हणतात, महिनाभर भावाकडे, म्हणजे माझ्याकडे पुण्याला, निघून जा. मला विचारायचंय की त्याला अटक होऊ शकते का, जबाबावर सही करायची का, आणि वकिलाला आत येऊ देतात का? घरात याआधी कोणी ठाण्याची पायरी चढलेलं नाही.

रानवारा

जाऊ दे की. घाबरायचं कशाला? खरं आहे ते सांगायचं आणि यायचं. माझ्या मेहुण्याला असंच बोलावलं होतं. दोन तास बसवलं, चहा पाजला आणि सोडलं.

खालचं टेबल

रानवारा, तुमच्या मेहुण्याचं नशीब चांगलं म्हणायचं. पण ‘खरं ते सांगितलं की सुटलो’ हा सल्ला मी माझ्या मुलालाही देणार नाही.

मी एका तालुका कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या खालच्या टेबलावर ३१ वर्षं बसलो. २०१९ ला निवृत्त झालो. वकील नाही, कारकून आहे. त्यामुळे वकील तुम्हाला गाठावाच लागेल. त्या टेबलावरून काय दिसतं तेवढं सांगतो. माझ्या डोक्यात अजून जुन्या फौजदारी संहितेचेच आकडे आहेत, नवे कोणीतरी दुरुस्त करा.

पहिलं म्हणजे भावाला पुण्याला नेऊ नको. आज तो फक्त बोलावलेला माणूस आहे. निघून गेला की रिमांड रिपोर्टमध्ये (कोठडी मागताना पोलीस कोर्टाला देतात तो कागद) ‘गुन्हा घडल्यापासून आरोपी फरार होता’ हे वाक्य येतं, आणि ते वाक्य जामिनाच्या दिवसापर्यंत पाठ सोडत नाही. मी असे शेकडो रिपोर्ट फायलीला लावलेत. त्यातले बरेच ‘फरार’ मामाच्या गावी निवांत जेवत होते.

दुसरं, फोन म्हणजे नोटीस नव्हे. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, त्यात उठसूट अटक करता येत नाही. आधी हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची, आणि तरीही अटक करायचीच असेल तर कारणं लिहायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात हे बजावलं. त्या निकालानंतर आमच्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात दोन रिमांड परत पाठवले होते, तपास अधिकारी घाम पुसत बाहेर गेले. तर कागद हातात घ्या आणि वर कोणतं कलम लिहिलंय ते वाचा. साक्षीदाराला बोलावण्याचं कलम वेगळं आणि संशयिताला बोलावण्याचं वेगळं. ‘जबाब घ्यायचाय’ हे दोघांनाही एकाच सुरात सांगतात.

नोटीस नीट मिळाली तर मात्र जायचंच. वेळेवर जायचं आणि गेल्याची पोच घ्यायची. नोटीस पाळणाऱ्या माणसाला त्या गुन्ह्यात अटक करायची तर पोलिसांना पुन्हा कारण लिहावं लागतं. नोटीस न पाळणाऱ्याने ते कारण स्वतःच लिहून दिलेलं असतं.

आता बोलण्याचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. याचा अर्थ तोंड शिवून बसायचं असा नाही. नाव, पत्ता, धंदा सरळ सांगायचा, उद्धटपणा करायचा नाही. पण “खोरं कोणाच्या हातात होतं?” असं विचारलं की भावाने “याबद्दल मी वकिलाशी बोलून सांगेन” एवढंच म्हणावं आणि गप्प राहावं. गप्प राहणं भल्याभल्यांना जमत नाही. समोरचा अर्धा तास काही विचारत नाही, नुसता कागद चाळतो. ती शांतता सोसवत नाही म्हणून माणूस बोलायला लागतो.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे लोकांना अर्धवट माहीत असतं. उरलेलं अर्धं असं. “मी मारलं” हे चालत नाही, पण कोठडीत असताना “खोरं गोठ्यात कडब्याखाली ठेवलंय, चला दाखवतो” म्हटलं आणि तिथे खोरं निघालं, तर तेवढा भाग चालतो. त्याचा निवेदन पंचनामा होतो, पंचांच्या सह्या होतात, खोरं मुद्देमालात जमा होतं. माझ्या टेबलासमोरून गेलेल्या मारामारीच्या केसेसमध्ये कबुलीपेक्षा हा एक कागदच जास्त जड जायचा.

सहीचं सांगायचं तर तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर सांगणाऱ्याची सही घ्यायचीच नसते, असं कायदाच म्हणतो. अटक झालीच तर अटक पंचनाम्यावर सही होते, पण आधी त्यावरची तारीख आणि वेळ वाचायची. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, “नंतर भरतो” म्हणाले तरी नाही.

त्या वेळेवर एवढा जोर का देतोय? अटकेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून. अनुच्छेद २२ आहे तो. आणि घड्याळ माणसाला अडकवल्यापासून चालू होतं, फॉर्म भरल्यापासून नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे सांगितलेलं आहे. म्हणून घरातल्या कोणीतरी भाऊ किती वाजता आत गेला ते लिहून ठेवायचं आणि ठाण्याच्या दारातून त्याच वेळी वकिलाला एक मेसेज टाकायचा. मोबाईलवरची वेळ कोणाला मागे घेता येत नाही.

काळा डगला

काकांनी गाभा बरोबर सांगितला. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. नवे आकडे देते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. संशयिताला हजर राहायला सांगणाऱ्या जुन्या ४१-अ च्या नोटिशीसाठी आता कलम ३५(३), साक्षीदाराला बोलावण्यासाठी १७९. व्हॉट्सअ‍ॅपवरची ३५ ची नोटीस ही नोटीस धरायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी तिच्याकडे काणाडोळा करू नका. वकिलामार्फत “प्रत मिळावी, आम्ही हजर राहायला तयार आहोत” असा दोन ओळींचा अर्ज देऊन शिक्का घ्या.

वडील साक्षीदार म्हणून हवे असतील तर त्यांना ठाण्यात बोलावताच येत नाही. ६० वर्षांवरच्या पुरुषाची आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीची चौकशी १७९ खाली त्यांच्या राहत्या घरीच करायची असते. ते आरोपीत आहेत का, हे एफआयआरची प्रत काढून आधी बघा. बहुतेक एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकलेले असतात.

वकिलाबद्दल: कलम ३८ प्रमाणे अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. नुसत्या नोटिशीवर गेलेल्या माणसासोबत जायला मला कोणी अडवलेलं नाही. फार तर बाहेरच्या बाकावर बसवतात. बसते.

अटकेची कारणं आता लेखी द्यावी लागतात, आणि ती त्या माणसाला समजेल अशा भाषेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लावलं. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

आणि तुमच्या एनसीचं काय? वडिलांना सरकारी दवाखान्यात दाखवलं का? जखमेचा दाखला नसेल तर उद्या सकाळी सगळ्यात आधी ते काम करा. दाखल्यात गंभीर दुखापत निघाली तर एनसीवर भागणार नाही, क्रॉस गुन्हा, म्हणजे शेजाऱ्यांवर उलट गुन्हा, दाखल करावाच लागेल. ठाण्याने ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३).

तिरकस

वाचायला छान वाटतं हो. पण गावात हवालदार म्हणेल तो कायदा. अनुच्छेद २२ सांगायला गेलात तर दोन रट्टे जास्त पडतील. आणि कोर्टात तरी काय होतं? मॅजिस्ट्रेट मान वर करून बघत नाही.

खालचं टेबल

तिरकसराव, तुमचं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यात माझाही हात आहे.

रिमांडला आरोपी उभा केला की मॅजिस्ट्रेटने विचारायचं असतं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” आरोपी आधी बाजूच्या हवालदाराकडे बघतो, मग म्हणतो, “नाही साहेब.” माझ्यासमोर हे हजारदा झालं असेल. इतकं ठरलेलं, की मी सकाळीच रोजनाम्याचा (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीचा) मजकूर टाइप करून ठेवायचो. ‘आरोपीस हजर केले. आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.’ फक्त नाव आणि गुन्हा नंबर भरायचा राहायचा. वेळ वाचायचा.

एकदा वीटभट्टीवरच्या चोरीत पकडलेला एक पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. साहेबांनी विचारलं, तो म्हणाला, “आहे.” मी कागद पुढे सरकवलासुद्धा होता. साहेबांनी ती टाइप केलेली ओळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. पोराने तळपाय दाखवले. आणि म्हणाला, “मला परवा रात्री आणलंय.” कागदावर अटक आदल्या संध्याकाळची. साहेबांनी स्टेशन डायरी मागवली, त्याला पुन्हा वैद्यकीय तपासणीला पाठवलं आणि पीसीआर (पोलीस कोठडी) नाकारून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) दिला. रोजनाम्यातली ती ओळ मी पेनने खोडली. खाडाखोडीवर माझी आद्याक्षरं आहेत, फाईल जतन असेल तर आजही दिसतील. पुढे त्या केसचं काय झालं ते मला माहीत नाही, ती दुसऱ्या टेबलाला गेली. पण तेव्हापासून ती ओळ मी आधी टाइप करणं सोडलं.

रट्ट्यांचं म्हणाल, तर ठाण्यात अनुच्छेद सांगायचाच नाही. तिथे नम्रपणे बसायचं. हक्क सांगायची जागा कोर्ट, आणि तिथे मिळतात मोजून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत बोलला नाही तर वर सत्र न्यायालयात विचारतात, “पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?” वकील नसेल तर तेही तिथेच सांगायचं. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसाबसुद्धा त्याला अपवाद धरला नाही, आणि पहिल्याच हजेरीला आरोपीला हे सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं काम आहे असं बजावलं. तुमच्या भावाचा गुन्हा तर खोऱ्याचा.

काळा डगला

फुकट वकिलासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालय असतं, तालुक्याला विधी सेवा समिती. फोन १५१००. आणि तिरकस, देशभरच्या ठाण्यांत कॅमेरे बसवायचा आदेश २०२० चा आहे. कॅमेरा बंद होता असं उत्तर मला दोनदा आलंय, तेही मी लेखी घेतलं. एका जामीन अर्जात उपयोगी पडलं.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

मी रात्रीच्या एसटीने गावी आलो. सकाळी आधी वडिलांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. एक्सरे काढला, फासळीला बारीक चीर निघाली. दाखला घेतला. तालुक्यातल्या वकिलांना भेटून दोन ओळींचा अर्ज दिला, शिक्क्यासाठी पाऊण तास उभं केलं. दुपारी घरी शिपाई येऊन कागदी नोटीस देऊन गेला. कलम ३५(३), फक्त भावाच्या नावाने. वडिलांचं नावच नव्हतं, म्हणजे फोनवर उगाच.

आज ११ वाजता भाऊ वकिलांबरोबर गेला, २.२० ला बाहेर आला. मी दारात बसून वेळा लिहिल्या. आत त्याला खोऱ्याचं तीनदा विचारलं. तो म्हणतो, काकांनी सांगितलेली ती शांतता खरंच फार वाईट, पंखा किती वेळा कुरकुरला ते मोजत होतो. अटक केली नाही. पुढच्या सोमवारी परत बोलावलंय. क्रॉस गुन्ह्याचा अर्ज दाखल्यासकट दिलाय, अजून नंबर पडलेला नाही.

खालचं टेबल

छान. आज हजर राहिल्याची पोच घेतली का?

बांधावरचा

नाही हो काका. तेच राहिलं.

खालचं टेबल

पाच वाजायच्या आत परत जा. ठाणे अंमलदार बदलला की मागचं कोणी लिहून देत नाही.