चीनचं 'पाच चवींचं' फळ जुन्या खोकल्यावर देतात म्हणे, आबांना देऊ का?

हर्णैवाला:
नमस्कार मंडळी, मामेभाऊ शिपवर असतो तो गणपतीला आला तेव्हा बुसानहून एक पाकीट घेऊन आला, वाळलेले लाल-काळे दाणे, मिऱ्यापेक्षा जरा मोठे, सुरकुतलेले नि चिकट. कोरियात ओमिजा, चीनमध्ये वू-वेइ-झी, दोन्हीचा अर्थ पाच चवींचं फळ. मी एक चघळून बघितला, आधी आमसुलासारखा आंबट, मग गोडसर, आणि बी चावली तर कडू-तिखट, जीभ चुरचुरली. आबांना (वय ६९) दोन महिने कोरडा खोकला आहे, रात्री जास्त. सिरप झालं, अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं. ह्याचा काढा द्यावा का, आणि किती? आई म्हणते चीनचं काय नको घरात.

सोलकढी_रोज:
मेल्या आमच्या सोलांनी तुजा काय घोडा मारल्यानी? 😄 जोक सोड, पण आबांना आंबट देऊन खोकला वाढला तर आई तुला घरात घेणार नाही.

चिपळूणची_वैद्य:
मी आयुर्वेदाची, चिनी वैद्यक हौस म्हणून वाचते. तुम्ही चघळून जे सांगितलंत ना तेच इ.स. ६५९ च्या तांग काळातल्या औषधी ग्रंथात आहे, साल नि गर गोड-आंबट, बियांचा मगज तिखट-कडू, आणि सगळ्यालाच खारट झाक. गंमत बघा, आपले हिरडा नि आवळा पण पाच रसांचेच, फक्त खारट सोडून. त्यांच्या मोजणीत तुरट वेगळा धरत नाहीत, म्हणून त्यांचे पाच वेगळे.

ह्या फळाचं मुख्य काम म्हणजे निसटतंय ते आवळून धरणं. जुना खोकला, दमा, रात्रीचा घाम, जुनाट जुलाब, झोप न लागणं, ह्या सगळ्यात ते ह्याच हिशोबाने देतात, दिवसाला २ ते ६ ग्रॅम, बहुतेक वेळा इतर औषधांबरोबर काढ्यात. पण नवीन सर्दी-खोकला, ताप, आत उष्णता असेल तर नाही, त्यांच्याकडे म्हणतात की चोर घरात असताना दार लावून घेतल्यासारखं होतं. आपण आमातिसारात (न पचलेल्या आमाच्या जुलाबात) सुरुवातीलाच स्तंभन, म्हणजे जुलाब थांबवणारं औषध, देत नाही, तोच विचार. थंडीच्या दम्यावरच्या त्यांच्या एका जुन्या काढ्यात हे सुंठीबरोबर असतं, म्हणजे एक मोकळं करणार नि दुसरं धरून ठेवणार. सुटं फळ उकळून पाजणं ही त्यांची पद्धत नाहीच फारशी, आणि आबांचा खोकला कशाचा ते कळल्याशिवाय तर मी देणार नाही.

मेडिकलवाला_रत्नागिरी:
काढा राहू दे बाजूला. आबांना बीपीची गोळी चालू आहे का आणि कुठली? दुसरं, दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे टीबीसाठी थुंकीची तपासणी करायचीच, सरकारी दवाखान्यात फुकट होते. वजन उतरतंय, रात्री घाम येतो असं असेल तर उद्याच जा, घाम थांबवणारं फळ देऊन लक्षण झाकत बसू नका.

आणि हे फळ अगदी निरुपद्रवी समजू नका. १९७० च्या दशकात चीनमध्ये काविळीच्या पेशंटांमध्ये ह्याने एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतो तो) उतरतो असं दिसलं, त्यावरून पुढे लिव्हरची गोळी पण निघाली. पण हेच फळ शरीरातली काही औषधं लवकर निचरू देत नाही. किडनी बदललेल्या लोकांना शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी ह्याने वाढते, तिकडचे डॉक्टर ते माहीत असून मुद्दाम वापरतात पण त्यांच्याकडे रक्ततपासणी चालू असते, आपण घरी पातेल्यात करायचं काम नाही ते.

हर्णैवाला:
रामिप्रिल. पावसाच्या सुरुवातीला चालू झाली. घाम नाही, वजन आहे तेवढंच.

मेडिकलवाला_रत्नागिरी:
बघा! रामिप्रिल, एनालाप्रिल ह्या गटाने काही जणांना असाच कोरडा खोकला लागतो, कितीही अडुळसा पाजा. पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. बदलल्यावरही खोकला जायला एक ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. थुंकी तरीपण तपासा.

दापोलीचा_बागायतदार:
विषयांतर, पण ह्याची बी रुजेल का आपल्याकडे? आंबट फळ म्हटलं की माझा हात शिवशिवतो.

चिपळूणची_वैद्य:
वेल आहे तो, ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाच्या पूर्व टोकाचा, त्याला बर्फाची थंडी लागते. ह्याचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात आहे, कोकणात नाही जगायचा. त्यातून नर-मादी बहुतेक वेगळे, म्हणजे कोकमाचीच डोकेदुखी.

दापोलीचा_बागायतदार:
मग नकोच. रातांबे रोपांपासून लावले तर अर्धे नर निघतात, सात-आठ वर्षं पाणी घालून कळतं. हल्ली विद्यापीठाची कलमं घेतो, 'कोकण अमृता'.

हर्णैवाला:
डॉक्टरांनी गोळी बदलली, थुंकी पण दिली तपासायला. पाकिटाचं काय करू पण, पाव किलो आहे!

चिपळूणची_वैद्य:
तुम्ही दोघं भाऊ प्या, काही औषधं चालू नसतील तर. कोरियात रात्रभर गार पाण्यात भिजवतात, उकळत नाहीत, उकळलं की कडवटपणा उतरतो. सकाळी गाळून साखर नाहीतर मध. रंग अगदी आगळासारखा, कोकमाच्या रसासारखा येतो.

हर्णैवाला:
आईने ते आमसुलांच्या बरणीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवलंय आणि वर खडूने 'चीन' लिहिलंय.