मदत हवी आहे: फ्रिज नाही, लॅब तीन दिवस लांब, सॅम्पल टिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी,

आमचं चौघांचं फिरतं आरोग्य पथक आहे. वीज नसलेल्या वस्त्यांवर सॅम्पल घेतो आणि ते लॅबमध्ये पोचायला तीन दिवस लागतात. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर. आजवर थर्मोकोलचा डबा आणि आइस पॅकवर भागवलं. मागच्या खेपेला दुसऱ्या दिवशी डबा उघडला, तर पॅक कोमट पाण्याच्या पिशव्या झालेले आणि नळ्यांमधलं सिरम चक्क गुलाबी. लॅबने अकरा नळ्या 'हिमोलाइझ्ड' (रक्तपेशी फुटलेल्या) म्हणून बाद केल्या. त्यातली एक अशा आजींची होती, ज्यांची शीर मला तिसऱ्या टोचणीला सापडली होती. आता पुन्हा रक्त द्या म्हणून कोणत्या तोंडाने जाऊ?

हव्या असलेल्या तपासण्या: साखर, एचआयव्ही व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघणं), शौचात जंत, थुंकीत टीबी. ओलं फडकं, मातीचं मडकं कृपया सुचवू नका, करून झालंय. आगाऊ आभार.

प्रतिसाद १ – जुना लॅबवाला

पॅक थेट नळ्यांना टेकले होते ना? गोठलेल्या पॅकला टेकलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात, उरलेलं काम रस्त्यातले हादरे करतात. म्हणजे बर्फ वितळल्यामुळे नव्हे, होता म्हणूनही नळ्या गेल्या असतील. गार म्हणजे सुरक्षित हे डोक्यातून काढा. सेंट्रिफ्यूज न केलेलं, म्हणजे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न केलेलं रक्त थंडीत ठेवलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्ट खोटा वाढीव येतो. ब्लड कल्चरची बाटली तर फ्रिजमध्ये ठेवायचीच नसते.

साखर तिथल्या तिथे ग्लुकोमीटरवर बघा आणि विषय मिटवा. नळीतल्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. फ्लोराइडची करड्या झाकणाची नळी हे थांबवते, पण तिचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात.

व्हायरल लोडसाठी फिल्टर पेपरवरचे वाळवलेले रक्ताचे थेंब, म्हणजे डीबीएस. रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ साली नवजात बाळांच्या तपासणीसाठी हीच युक्ती रूढ केली. फक्त तुमची लॅब कार्ड घेते का, ते आधी विचारा. व्हायरस कमी असताना कार्डावरचा आकडा तितका नेमका नसतो, म्हणून मिलिलिटरमागे विषाणूच्या १००० कॉपींच्या (प्रतींच्या) वर की खाली एवढंच त्यावरून ठरवतात.

बोटाचा पहिला थेंब पुसून टाका. दुसरा थेंब वर्तुळाला नुसता टेकवा, बोट कागदावर घासू नका. तो मागच्या बाजूला झिरपलेला दिसला पाहिजे. एकावर एक थेंब टाकू नका. मग कार्ड आडवं, सावलीत, किमान चार तास, जमलं तर रात्रभर. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. ओला डाग चकचकीत लाल असतो, वाळला की मळकट तपकिरी होतो. त्यानंतरच सिलिका जेलसकट झिपच्या पिशवीत.

प्रतिसाद २ – सूक्ष्मदर्शी

बाकीच्यांबद्दल मी सांगतो.

शौचाचा एक भाग आणि १० टक्के फॉर्मलिनचे तीन भाग, नीट ढवळून. जंतांची अंडी छान टिकतात. पण कल्चर संपलं आणि पीसीआरही (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) बिघडतो. पीसीआर करायचा असेल तर दुसरा भाग ९५ टक्के इथेनॉलमध्ये. तसंच उष्णतेत ठेवलं तर हुकवर्मची अंडी दिवसाभरात फुटून अळ्या बाहेर येतात.

लघवी बोरिक ॲसिडच्या नळीत, खुणेपर्यंत भरूनच. अर्धवट भरली तर औषध जास्त होऊन जंतूच मरतात. त्यातही एक-दोन दिवसच टिकते, तुमचे तीन दिवस जमणार नाहीत. डिपस्लाइड (जंतू वाढायचं खाद्य लावलेली पट्टी) मिळाली तर तिथेच लघवीत बुडवा, वरची निथळू द्या, बंद करा आणि पाठवा.

थुंकीसाठी १ टक्का सीपीसी (सेटिलपिरिडिनियम क्लोराइड, एक जंतुनाशक) आणि २ टक्के मीठ यांचं द्रावण, समान भाग. टीबीचे जंतू आठवडाभर जगतात. हे सॅम्पल थंडीत ठेवूच नका, सीपीसीचे स्फटिक होतात आणि उपयोग संपतो. बाटलीवर 'सीपीसी' ठळक लिहा, कारण लिक्विड कल्चरला, म्हणजे द्रवात जंतू वाढवायच्या पद्धतीला, ते चालत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! डीबीएस लॅबने मान्य केलंय. काल सहा कार्डं करून बघितली. तीन ठीक, तीन डागांभोवती पाणचट फिकट कड. आणि पिशवीतलं निळं सिलिका रात्रीत गुलाबी झालं.

जुना लॅबवाला

कड म्हणजे बोट दाबून पिळलंत. रक्ताबरोबर आजूबाजूचं पाणीही आलं. हात आधी कोमट पाण्यात ठेवायला सांगा, टोचताना बोटाच्या टोकाची कडेची बाजू घ्या आणि थेंब आपणहून येऊ द्या. ती तीन कार्डं पाठवू नका.

सिलिका गुलाबी होणं म्हणजे ते ओलावा पिऊन तुडुंब झालंय. कार्ड ओलं असतानाच पिशवीत गेलं होतं का, ते आठवून बघा. सुटे दाणे असतील तर जुन्या भांड्यात मंद आचेवर निळे होईपर्यंत गरम करा, पुन्हा वापरता येतात. निळा रंग कोबाल्टचा असतो, तेव्हा ते भांडं परत स्वयंपाकात जाऊ देऊ नका.