मामांची १९९४ ची माज्दा : सीटखाली पाणी, फाटलेलं छप्पर आणि ८०,००० ची फी

प्रतापनगरवाली :
नमस्कार. गाड्यांमधलं मला फार कळत नाही, मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मागच्या दिवाळीनंतर मामा गेले आणि त्यांची माज्दा एमएक्स-५, म्हणजे छप्पर उघडणारी दोन सीटची गाडी, माझ्या अंगणात आली. १९९४ चं मॉडेल, १.८ लिटरचं इंजिन, लाल रंग, डोळे उघडमीट करणारे हेडलाइट. मामा इंग्लंडात लेस्टरला डॉक्टर होते. १९९६ मध्ये कायमचे नागपूरला परतले तेव्हा घरसामानासोबत हीसुद्धा बोटीने आली. स्पीडोमीटर अजून मैलांचाच आहे. काटा साठवर गेला की मला वाटतं काय शहाण्यासारखी चालवून राहिली मी, आणि बाजूला नवरा ओरडतो, "अगं, शंभरला टेकलीस!"

आता रडगाणं. छप्पर काळ्या रेक्झिनचं, मागे काचेच्या जागी प्लास्टिक. ते आधीच पिवळं पडलेलं. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, संध्याकाळी फुटाळ्याला जाऊ म्हणून छप्पर खाली केलं आणि प्लास्टिक मधोमध चर्रकन गेलं. त्यावर पॅकिंगची टेप लावून ठेवली. पण खरी डोकेदुखी पावसात सुरू झाली. ड्रायव्हर सीटखाली पाणी साचतं, कार्पेट पिळून काढावं लागतं, आत कुबट वास. टेप लावली तिथे तर कोरडं ठणठणीत आहे!

आणि गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी, यंदा संपते. एजंट म्हणतो नूतनीकरणाची फी ८०,०००. हा मला बनवून राहिला का? एकजण अडीच लाख द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो दे. मामा दर रविवारी सकाळी मला हिच्यातून सेमिनरी हिल्सला न्यायचे, मी तेव्हा बारावीत होते. काय करू?

घाटरोडचा_पाना :
ताई, एजंट खोटं नाही बोलला. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाड्यांची फी वाढली. इथल्या कारला १०,००० आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. आरसी पाच वर्षांसाठी मिळते, म्हणजे वर्षाचे १६,००० धरा. रडू येतं, पण हिशोब हा आहे.

अडीच लाखाला मात्र देऊ नका. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणजे तुमच्या अंगणातली गाडी आता कोणी हौसेने मागवतो म्हटलं तरी येणार नाही. गिऱ्हाइकाला हे माहीत असतं, म्हणून तर तो घाई करून राहिला.

पार्टचं सांगतो. माज्दाने भारतात कार विकलीच नाही. घाट रोडच्या पार्टच्या दुकानात माज्दा म्हटलं की स्वराज माज्दा ट्रकचं सामान समोर येतं, माझ्यासोबत झालेलं आहे. प्लग आणि १४ इंची टायर इथे भेटून जातील. रेडिएटर नीट बघून घ्या. वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी-हिरवट झाली असेल तर ती कधीही तडकते, आणि वर्धा रोडवर मे महिन्यात तडकली तर इंजिन तापून त्याचं डोकंच, म्हणजे सिलिंडर हेड, जातं. पेट्रोलचे रबरी पाइपही बदला. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आलं तेव्हा त्या गाडीला जवळपास ३० वर्षं झाली होती, तिच्या रबराला काय माहीत इथेनॉल.

संत्रा_बर्फी :
विंटेजमध्ये नोंदवून टाका ना, कटकटच मिटते.

घाटरोडचा_पाना :
त्याला ५० वर्षं लागतात भाऊ. विंटेज गाड्यांचा 'व्हीए'वाला नंबर ताईंना २०४४ मध्ये मिळेल. आणि तो मिळाल्यावर रोज चालवायची परवानगी नसते.

कॉव्हेंट्रीतला_वऱ्हाडी :
ताई, माझ्याकडे हीच गाडी आहे, निळी. पाणी मागच्या फाटलेल्या प्लास्टिकमधून येत नाही. छपराची मागची कड जिथे बॉडीला बसते तिथे आतून रबरी पन्हाळ असते. तिच्यातलं पाणी दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबामागे, एकेका भोकातून खाली जातं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे रस्त्यावर पडतं. ते भोक बुजलं की पाणी उलटून आत येतं. गाडी झाडाखाली उभी राहते का? छप्पर अर्धं उचला, टॉर्चने बघा. लोखंडी तार घालू नका, खाली रबरी झडप असते, ती फाटते. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घ्या.

दुसरं, छप्पर पाडण्याआधी मागच्या प्लास्टिकची चेन उघडायची आणि ते सपाट निजवायचं. तसंच दुमडलं तर आज ना उद्या फाटणारच. मामांनी सांगितलं नव्हतं काय?

आणि मागच्या चाकापुढचा दाराखालचा पत्रा बोटाने ठोकून बघा. इथे इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो, माझ्या गाडीचा तो भाग दोनदा वेल्डिंग करून झाला. तुमच्या गाडीने इथले जेमतेम दोन हिवाळे काढले. मला तर हेवा वाटून राहिला.

प्रतापनगरवाली :
चेनचं मामांनी सांगितलं होतं, मीच विसरले.

काल रविवारी दोन तास घातले. गाडी कडुनिंबाखाली उभी असते, सावली म्हणून मीच ठेवली. डावं भोक जरा बरं होतं. उजव्यातून आधी काळा चिखल, मग मूठभर निंबोळ्या, आणि त्यातल्या तीन चक्क रुजलेल्या! एकीला दोन पानंसुद्धा. वनस्पतिशास्त्राची बाई, आणि महिनाभर छपराला दोष देत बसले. मग तांब्याने पाणी ओतत गेले आणि नवऱ्याला चाकाजवळ वाकून बघायला लावलं. तिसऱ्या तांब्याला त्याच्या चपलेवर धार पडली.

पत्रा ठोकून पाहिला, टणक आहे. रेडिएटरची टाकी मात्र तपकिरी आहे हो पानाभाऊ, या आठवड्यात दाखवायला आणते. कामठी रोडला जीपचे हूड शिवणारे एक चाचा प्लास्टिक नवीन बसवून देतो म्हणाले, चेन जुनीच ठेवून. अडीच लाखवाल्यांना सकाळी फोन करून नाही सांगितलं. आता ८०,००० साठी सोसायटीतून कर्ज काढते आहे. तीन रोपं दह्याच्या डब्यात लावली आहेत, कोणाला हवी असतील तर सांगा.