टेम्पोने पाय मोडला, केसपेपरवर मात्र "गाडी घसरून पडला". क्लेम होईल का?

शिडी_पाना:
नमस्कार मंडळी. पलंगावर पडून मोबाइलवर लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

वय 34. एसी बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, स्वतःचंच, हाताखाली कोणी नाही. मागच्या आठवड्यात संध्याकाळी बाइकवरून घरी येत होतो. एक छोटा टेम्पो माझ्या उजव्या बाजूला, थोडा पुढे. इंडिकेटर न देता तो एकदम डावीकडे वळला आणि मी त्याच्या मागच्या चाकापाशी आपटलो. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड टाकलाय. डॉक्टर म्हणतात चालाल, पण शिडीचं नाव एवढ्यात काढू नका. आमच्या धंद्यात शिडीशिवाय दुसरं आहे काय?

आता भानगड अशी. मला ज्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, त्यांनी तिथे काय सांगितलं देव जाणे, केसपेपरवर "दुचाकी घसरून पडल्याने" असं लिहिलंय. टेम्पोचा उल्लेखच नाही. टेम्पोचा नंबर आहे माझ्याकडे, मागच्या बाइकवाल्या पोराने फोटो काढला होता. पोलीस येऊन गेले, पण मी तेव्हा ऑपरेशनमध्ये. नंतर फोन केला तर म्हणाले, "आपसात मिटवून टाका ना." टेम्पोमालक 40 हजार द्यायला तयार आहे, "काही तक्रार नाही" असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तर.

त्यात माझ्या बाइकचा इन्शुरन्स संपून गेला होता. लायसन्स आहे, हेल्मेट होतं. वॉर्डात एक जण येऊन कार्ड देऊन गेला, "सगळं आम्ही बघतो, मिळेल त्याचे 30 टक्के." आयटी रिटर्न मी कधी भरलेलं नाही, महिन्याला साधारण वीस हजार सुटतात, बरेचसे यूपीआयवर.

माझी केस होते का, की 40 हजार घेऊन गप्प बसू?

जुना_गिअर:
भावा, घेऊन टाक. माझ्या चुलत्यांची केस वर्षानुवर्षं चालली. तारखांना जाण्यातच माणूस अर्धा होतो. हातातला पैसा खरा.

काळा_कोट:
मी वकील आहे, अपघातग्रस्तांच्या बाजूने क्लेम चालवते. तुमची केस होते, आणि बरी होते. स्टॅम्पपेपरवर काहीही सही करू नका. साधी पोचपावती म्हणूनसुद्धा नको. टेम्पोमालक 40 हजार स्वतःच्या खिशातून का देतोय, याचा विचार करा. त्याचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देणार, त्याला चिंता असायचं कारण नाही. म्हणजे एक तर विमा नाही, किंवा ड्रायव्हरच्या लायसन्सचा घोळ आहे, किंवा त्याला फक्त पोलीस केस नको आहे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून विम्याची मुदत आधी बघून घ्या. लायसन्सचा घोळ निघाला तरी घाबरू नका. अशा प्रकरणांत कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश न्यायाधिकरण (मोटार अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट) देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा स्वरण सिंग निकाल त्यासाठीच सांगितला जातो.

तुमच्या स्वतःच्या बाइकचा विमा संपला होता, त्याचा या दाव्याशी संबंध नाही. दावा टेम्पोविरुद्ध आहे, तुम्ही तिथे थर्ड पार्टी. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा दंड होईल तो वेगळा. मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात कवच मात्र त्यामुळे हातचं गेलं. तसंही ते मृत्यू किंवा ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठी असतं, मोडलेल्या नडगीला त्यातून काही मिळालं नसतं.

खरी लढाई त्या एका ओळीवर आहे: "घसरून पडल्याने". विमा कंपनीचा वकील पहिल्या दिवशी तोच कागद काढणार. तेव्हा आजच काम करा. तुम्ही शुद्धीवर आहात, बोलू शकता, तर पोलिसांनी तुमचा जबाब दवाखान्यात येऊन घ्यायला हवा. ते येत नसतील तर साध्या कागदावर घडलेलं लिहा: तारीख, वेळ, जागा, टेम्पोचा नंबर, तो कुठून कुठे वळला, फोटो कोणी काढला. घरच्या कोणाला ठाण्यात पाठवून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने ठाण्याला आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना. गुन्हा उशिरा नोंदवला एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण यात सांगितलंय. पण उशीर का झाला ते कागदावर दिसलं पाहिजे. तुमच्याकडे ऑपरेशनची तारीख आहे, ती पुरे.

आणि तो फोटो काढणारा पोरगा. त्याला शोधा, त्याच्याशी नीट बोला, मूळ फोटो त्याच्या फोनमधून डिलीट होऊ देऊ नका. क्लेममध्ये फौजदारी खटल्यासारखं "संशयातीत" सिद्ध करावं लागत नाही. कोणाची बाजू जास्त संभवते एवढंच पाहतात. नंबर, फोटो, जागेचा पंचनामा, टेम्पोच्या मागच्या चाकाजवळचा ओरखडा आणि एक साक्षीदार असला की केसपेपरची ओळ हलकी पडते.

एक अवघड गोष्ट आताच सांगून ठेवते. "हा डाव्या बाजूने ओव्हरटेक करत होता" असं ते म्हणणार. खरंच करत होतात का? असाल तर जबाबात लपवू नका. तुमचा दोष काही टक्के धरला तर भरपाईतून तेवढे टक्के कापले जातात, दावा बुडत नाही. पण जबाब एक आणि साक्ष दुसरी झाली तर सगळंच संशयात जातं. तुम्ही सरळ जात असाल आणि तो आडवा आला असेल, तर तेच, त्याच शब्दांत.

मुदत: 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही लावता येतो, अपघाताच्याच जिल्ह्यात जायला पाहिजे असं नाही. तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्यांच्याकडे प्रत मागा, तुमचा हक्क आहे.

आता पैशांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं ही गंभीर दुखापतच आहे. पण ते स्वीकारलेत की कलम 166 चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा, मोठा दावा संपतो. म्हणून घाई नको. तुमच्यासारख्याचा हिशेब साधारण असा बसतो: महिना 20 हजार म्हणजे वर्षाला 2,40,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 3,36,000. कामाच्या दृष्टीने अपंगत्व समजा 20 टक्के धरलं तर 67,200. याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, वय 34 ला हा गुणक 16. झाले 10,75,200. त्यात औषधोपचार, बुडालेली मजुरी, वेदना, पुढे रॉड काढायचा खर्च वेगळा, आणि वर व्याज. मी 20 टक्के नुसते समजा म्हटलं, ते मनात धरून बसू नका. पायाचं 30 टक्के अपंगत्व म्हणजे शरीराचं 30 टक्के नव्हे, आणि कमाईचं तर त्याहून वेगळं. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने हे नीट उलगडलंय. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा आणि शिडी चढणाऱ्याचा पाय मोडला तर नुकसान सारखं नसतं. म्हणून तुमचं काम काय, हे सिद्ध करायचं: यूपीआयचे स्टेटमेंट, गिऱ्हाइकांचे मेसेज, सुट्ट्या भागांची बिलं, दोन-तीन कायमचे गिऱ्हाईक साक्षीला. रिटर्न नाही म्हणून उत्पन्न शून्य धरत नाहीत.

तो कार्डवाला. वकिलाने भरपाईत टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, वॉर्डात माणूस पाठवून पक्षकार गोळा करणं तर नाहीच. कार्ड फेकून द्या. कोऱ्या वकालतनाम्यावर सही दिली नाहीत ना? महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तुम्ही बसता त्यात. 15100 वर फोन करा. मोफत म्हणून वकील कच्चाच असणार, असं समजू नका. पहिल्या भेटीत विचारा की क्लेमच्या केसेस चालवता का.

जुना_गिअर:
मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण तीन-चार वर्षं हा माणूस खाणार काय?

काळा_कोट:
प्रश्न रास्त आहे. म्हणून लोकअदालत आहे. अपंगत्वाचा दाखला आणि बिलं फाइलला लागली की कंपनीशी तडजोडीची बोलणी करता येतात. तिथला निवाडा अंतिम, अपील नाही, म्हणजे कंपनी वर जाऊन आणखी लांबवू शकत नाही. मात्र तुम्हालाही नंतर "कमी मिळाले" म्हणता येत नाही. तेव्हा वरचा हिशेब खिशात ठेवून मगच बसायचं. 40 हजारांवर नव्हे.

रात्रपाळी_कॅज्युअल्टी:
मी अपघात विभागात काम करतो, दुसरी बाजू सांगतो. रात्री पेशंट येतो, बरोबरचा अनोळखी माणूस "पडला हो बाइकवरून" म्हणतो, आम्ही तसं लिहितो. त्यात कोणाचा डाव नसतो. आणणाऱ्याला पोलिसांची भीती असते म्हणून तो दुसऱ्या गाडीचं नाव काढत नाही. खरं तर मदत करणाऱ्याला अडकवता येत नाही, कलम 134अ तसं संरक्षण देतं. मूळ नोंद खोडायला सांगू नका, कोणी खोडणार नाही, आणि खोडली तर तुमचंच नुकसान. त्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आता तुमच्या तोंडून हकीकत नव्याने, तारखेसह लिहायला सांगा, आणि आधीची माहिती कोणी दिली तेही नोंदवायला सांगा. एमएलसी नंबर (पोलिसांशी संबंधित केस म्हणून दवाखान्यात होणाऱ्या नोंदीचा नंबर) घ्या. सगळ्या केसपेपरची प्रत लेखी मागा, 72 तासांत द्यावी लागते. बिलं मूळ ठेवा. थर्मल कागदावरची पावती वर्षभरात पांढरी होते, तिची झेरॉक्स काढून पावतीलाच जोडा.

वाचणाऱ्या इतरांसाठी: मे 2025 पासून रस्ते अपघातात पहिल्या 7 दिवसांत दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, नेमलेल्या दवाखान्यांत. ॲडमिट करतानाच विचारा.

शिडी_पाना:
सगळ्यांचे आभार. बायको आज ठाण्यात जाऊन आली, शिक्का मिळाला. ठाणे अंमलदार आधी कुरकुरले, मग टेम्पोचा फोटो बघून जबाबासाठी उद्या हवालदार पाठवतो म्हणाले. ताई, ओव्हरटेक नव्हतो करत, माझी लेन सरळ होती, तसंच लिहिलंय. वकालतनाम्यावर सही नाही केलेली. अजून दोन शंका. मेडिक्लेममधून 60 हजार मिळतायत, ते घेतले तर क्लेममधून कापतील का? आणि मेहुणा बाइक गॅरेजला टाकतो म्हणतोय.

काळा_कोट:
मेडिक्लेम घ्या. ते पैसे तुमच्या हप्त्यांचे आहेत, मोटार अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च 2025 चा निर्णय आहे. मेडिक्लेमला मूळ बिलं द्यावी लागली तर त्यांच्याकडून शिक्का मारलेल्या प्रती परत घ्या.

बाइकला मेहुण्याने हात लावायचा नाही. पंचनामा आणि आरटीओ तपासणी होईपर्यंत आहे तशी. चारही बाजूंनी फोटो, उजवा फूटरेस्ट आणि हँडल जवळून, नंबरप्लेट दिसेल असे. टेम्पोचा रंग लागला असेल तर पुसू नका. तपासणी झाल्याचा कागद हातात आला की मग गॅरेज.